बोंड कापलेला लिव्हर

मला धनुर्वात झाला होता आणि मी त्यातून वाचलो, असं सांगितलं की लोक आधी माझ्या जबड्याकडे बघतात. मग विचारतात, झाला कशानं? गंजका खिळा, पत्रा, विळा असं काहीतरी त्यांच्या डोक्यात असतं. मला झाला तो माझ्याच मोटारसायकलच्या क्लचच्या लिव्हरनं. तोसुद्धा हाताला सोयीचा व्हावा म्हणून मी मुद्दाम करून घेतलेल्या लिव्हरनं. त्या रस्त्यावर अजून पुष्कळजण तसेच लिव्हर लावून हिंडतात आणि मी सांगायला गेलो की हसतात. तोंडानं सांगताना माझा आवाज चढतो आणि पुढे भांडण होतं, म्हणून लिहून काढतो आहे.

सोय

मी कोल्हारचा. विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करतो. कोपरगावच्या बाजूला उसाचा मुलूख, तिकडे इंजिनं फार, त्यामुळे माझं निम्मं आयुष्य फटफटीवरच जातं. ही गाडी मी भिंगारला लष्कराच्या जुन्या मालाच्या लिलावात घेतली. साडेतीनशे सीसीची, धिप्पाड शिपायांच्या हाताला बेतलेली. माझी बोटं जाड पण आखूड. क्लच ओढायचा म्हणजे हँडलची मूठ सोडून बोटं ताणावी लागायची. उसाच्या गाड्यांच्या गर्दीत दर फर्लांगाला क्लच, आणि संध्याकाळी डाव्या हातानं तांब्याही उचलवत नसे.

आमच्या रस्त्यावर ह्याला एक ठरलेला इलाज होता. लिव्हर काढायचा, लोहाराच्या भट्टीत लाल करायचा आणि मुठीकडे वाकवायचा. वाकवला की त्याच्या टोकाचं बोंड मुठीला आपटतं आणि क्लच पुरता दबत नाही, म्हणून ते बोंड करवतीनं उडवायचं. बोंड म्हणजे कारखान्यातून येणाऱ्या लिव्हरच्या टोकाला असतो तो बोराएवढा गोळा. तो कशासाठी असतो हे आमच्यापैकी कोणीही कधी विचारलं नव्हतं. शोभेचा असेल, असं आम्ही धरून चालायचो. उलट कोणाच्या लिव्हरला बोंड दिसलं की हा नवखा आहे, ह्याचा अजून हात बसलेला नाही, अशी त्याची टिंगल करायचो. दूधवाले, कारखान्याचे मुकादम, मी, सगळे बोंड कापलेले.

माझी बायको गिरिजा तेव्हा म्हणाली होती, "टोक लई बोचरं झालंय." मी म्हणालो, "तुला चालवायची हाय का?" विषय तिथंच संपला.

मारामारी

कोपरगावच्या अलीकडे उसाच्या बैलगाड्यांची रांग चालली होती. मी बाजूनं काढत होतो. एक बैल बुजला आणि गाडी आडवी झाली. मी ब्रेक दाबला, मागचं चाक सरकलं आणि मी डाव्या अंगावर गेलो. हँडल गर्रकन फिरलं आणि क्लचचा लिव्हर माझ्या मांडीत घुसला, गुडघ्याच्या वर, आतल्या बाजूनं.

ते मला त्या क्षणी कळलंच नाही. मला दिसत होता फक्त गाडीवान, आणि तो दात काढत होता. घाबरलेला माणूसही दात काढतो, हे मला आता कळतं. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी उठलो, तशी लिव्हरची ती दांडी मांडीतून बाहेर आली, आणि मी त्याच्या कानाखाली अशी ठेवून दिली की त्याचा पटका शेणाच्या राड्यात जाऊन पडला. तोही काही कमी नव्हता. त्यानं चाबकाच्या दांडक्यानं माझ्या बरगडीत हाणलं. मी त्याची गचांडी धरली. आम्ही दोघं रस्त्यावर लोळलो, त्याचा ओठ फुटला, माझा सदरा फाटला, आणि एकाएकी तो थांबला.

"आरं मर्दा, तुझं रगत बघ की किती चाललंय," तो म्हणाला.

माझा लेंगा घोट्यापर्यंत लाल झाला होता. मग त्याच माणसानं मला गाडीच्या सावलीला बसवलं, राड्यातला पटका उचलून झटकला आणि माझ्या मांडीवर आवळून बांधला. बांधताना तो माफी मागत होता आणि मीही मागत होतो. मी चापट मारली नसती तर तो पटका कोरडा, त्याच्या डोक्यावरच राहिला असता, हे मला नंतर खाटेवर पडल्या पडल्या पुष्कळ वेळा आठवलं.

घरी आल्यावर मी आम्हा मिस्त्री लोकांचा नेहमीचा उपाय केला. रॉकेलनं धुतलं आणि वर इंजिनाचं जळकं ऑइल लावलं. सुई टोचून घ्यायला दवाखाना काही लांब नव्हता. गेलो नाही. जखम आठवड्याभरात वरून छान भरली, आणि मी कामाला लागलो.

न खाणं

माझ्या रागाची आमच्या घरात एक ठरलेली रीत होती. मी रागावलो की जेवत नसे. ताट पुढे आलं की तोंड मिटून बसायचं. गिरिजा आधी विनवायची, मग ओरडायची, मग मी जेवायचो.

तर मारामारीनंतर दहा-बारा दिवसांनी एका सकाळी माझा जबडा आखडला. भाकरीचा तुकडा दातांत जाईना. दाढ दुखत असेल म्हणून मी गप्प बसलो. आदल्या दिवशी आमचं त्या मारामारीवरूनच वाजलं होतं, तेव्हा गिरिजाला वाटलं, हा रुसला. दुपारीही खाल्लं नाही. बोलायला गेलो तर दातांतून नुसता हवेचा आवाज निघाला. ती म्हणाली, "तोंड उघडा की. किती दिस चालनार हे?" मला सांगता येईना, आणि सांगता येईना म्हणून संताप झाला. मी ताट उचललं आणि भिंतीवर फेकलं. पितळेचं ताट फरशीवर खणखणत पडलं आणि त्या आवाजासरशी माझी मान मागे ओढली गेली.

कोणीतरी केस धरून मागे खेचावं तशी. मग पाठ. मी जमिनीवर पडलो तो डोकं आणि टाचा टेकवून, मधलं सगळं शरीर वर. गिरिजा माझ्या छातीवर हात टेकवून मला खाली दाबू पाहत होती आणि मी दबत नव्हतो. तिचा चेहरा मला स्वच्छ दिसत होता. ह्या आजारात शुद्ध जात नाही, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

निदान

माझा थोरला भाऊ निवृत्ती, त्याला आम्ही दादा म्हणतो. त्यानं कोणाची तरी जीप आणली आणि मला नगरच्या दवाखान्यात नेलं. राहुरीच्या अलीकडे पलीकडे जितके खड्डे होते तितक्या आकड्या मला आल्या. जिभेची कड दाढेखाली सापडली आणि तोंडातून रक्त येऊ लागलं.

दवाखान्यातला वॉर्डबॉय माझ्यावरच उखडला. "ह्यांना हसू कसलं येतंय?" तो म्हणाला. माझे ओठ मागे ताणून बसले होते आणि सगळे दात दिसत होते. मला त्याला मारावंसं वाटलं आणि हात हलेना.

डॉक्टरबाईंनी मात्र दारातूनच ओळखलं. "पंधरा दिवसांत कुठे लागलं होतं का?"

"मांडीला," गिरिजा म्हणाली. "फटफटीची दांडी घुसली हुती. पर ते तर भरून आलं."

"वरून भरलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग तिला थोडं बाजूला घेऊन, मला ऐकू जाणार नाही अशा समजुतीनं, सांगू लागल्या, "धनुर्वात आहे. ह्यात पुष्कळ जातात. मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही. आम्ही इंजेक्शनं देऊ, झोपेत ठेवू. पण आवाज आणि उजेड, ह्या दोन गोष्टी त्यांच्यापर्यंत पोचता कामा नयेत. एखादी आकडी श्वासच धरून ठेवते आणि मग सोडत नाही."

त्याच दुपारी त्यांनी जखम पुन्हा उघडली. आतून लेंग्याच्या कापडाचा तुकडा निघाला, शेणानं हिरवा झालेला.

अंधारी खोली

खिडकीला कांबळं लावलं होतं. माझ्या कानांत कापूस, नाकात नळी. सिस्टर अनवाणी यायच्या. इतकं करूनही जग किती आवाज करतं ते मला तिथं कळलं. बादलीची कडी वाजली, आकडी. कोणी खोकलं, आकडी. अंगावर माशी बसली तरी आकडी. आपल्याच अंगातले स्नायू आपल्याला मारायला उठतात आणि त्यांच्याविरुद्ध कोणाची मदत मागता येत नाही. एकदा दाढ फुटली, त्या फुटण्याचा आवाज डोक्यात झाला आणि त्या आवाजानं पुन्हा आकडी आली.

पण सगळ्यात क्रूर होती फटफटी. खोली तळमजल्यावर, रस्त्याला लागून. लांबून तो ठोका यायला लागला की मला कळायचं, आता येणार. जो आवाज मी पोटासाठी ऐकत आलो, गाडी ठीक आहे की नाही हे ज्यावरून सांगत आलो, तो आता मला खाटेवरून उचलून आपटत होता. त्या दिवसांत मी देवाकडे एकच मागणं केलं. जगातल्या सगळ्या मोटारसायकली बंद पाड.

भीती वाटत होती. दुसरा शब्द नाही. मरणाची तर होतीच, पण पुढच्या आवाजाची जास्त.

लाकडं

दादा भेटायला आला तो माझीच गाडी घेऊन. हँडल ठोकून सरळ केलं होतं, लिव्हर तोच होता. दारात उभा राहून बराच वेळ बघत राहिला. रडत असावा. मग गिरिजाला म्हणाला, "लाकडं सांगून ठेवतो. ऐनवेळी सुकी मिळत न्हाईत."

मला कापसातून सगळं ऐकू आलं. दादा दुष्ट नाही. आमचे वडील गेले तेव्हा ओली लाकडं पेटता पेटेनात, ते त्याच्या मनात बसलेलं आहे. पण मला इतका संताप आला की त्या संतापानंच आकडी आली. ती ओसरते न ओसरते तोच बाहेर दादानं गाडीला किक मारली.

माझा श्वास थांबला. छाती लाकडासारखी झाली. सिस्टर माझ्या छातीवर दाबत होत्या एवढं मला दिसलं, मग दिसेनासं झालं.

बाहेर काय झालं ते मला नंतर सिस्टरांनी सांगितलं, आणि दादानंही. थोरल्या दिरासमोर गिरिजा कधी दारात उभी राहिली नव्हती. बोलणं दूरच, डोक्यावरचा पदर भुवईपर्यंत असायचा. ती उघड्या डोक्यानं धावत बाहेर गेली, कुंपणाचा दगड उचलला आणि आधी गाडीचा दिवा फोडला. दादानं तिचा हात धरला. तिनं त्याला छातीवर असा धक्का दिला की तो गाडीसकट पडला. मग ती पडलेल्या गाडीवर बसली आणि क्लचचा तो लिव्हर दगडानं ठेचत राहिली, मुळापासून तुटेपर्यंत. तिची बोटं फुटली होती.

"लाकडं सांगायला निघालात न्हवं?" ती दादाला म्हणाली. "चालत जावा."

दादा चालतच गेला. गाडी ढकलत भिंगारला नेली, ओळखीच्या मिस्त्रीकडे टाकली आणि तसाच चालत परत आला. लाकडांचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

रस्ता

त्या दिवसापासून ती काठी घेऊन रस्त्यावर उभी राहिली. येणारी प्रत्येक फटफटी ती दवाखान्याच्या कोपऱ्यावर अडवायची, बंद करायला लावायची आणि खिडकीच्या पलीकडे जाईपर्यंत हातानं ढकलायला लावायची. ती पाणी प्यायला गेली की दादा उभा राहायचा. एका दूधवाल्यानं शिवी दिली तेव्हा तिनं त्याच्या किटलीवर काठी घातली आणि दूध रस्त्यावर गेलं. तो हात उगारून आला तर दादानं त्याला धरून हाणलं. पोलिस आले. डॉक्टरबाई बाहेर येऊन पोलिसांना काहीतरी बोलल्या आणि तेही गेले.

भिंगारच्या छावणीतला एक शिपाई रोज टपाल घेऊन जायचा. त्याला मराठी येत नव्हतं. पहिल्या दिवशी त्यानं गाडी बंद केली नाही, नुसता इंजिनाचा आवाज वाढवत राहिला. गिरिजा पुढच्या चाकासमोर उभी राहिली. बोलून कळेना तेव्हा तिनं भर रस्त्यात आपली पाठ मागे वाकवून, दात आवळून दाखवलं. बघणारे हसले. तो हसला नाही. त्यानं इंजिन बंद केलं. दुसऱ्या दिवसापासून तो कोपऱ्याच्या बऱ्याच आधी उतरायचा आणि गाडी ढकलत जायचा. जाताना खिडकीकडे एकदा बघायचा. मी त्याला कधी पाहिलं नाही. मला त्या माणसाला भेटायचं होतं, पण तेवढ्यात त्याची बदली झाली.

हात

आकड्या विरळ झाल्या. जबडा आधी चमच्याच्या कडेइतका उघडला, मग चमच्याइतका. बशीतला पहिला चहा प्यालो तेव्हा मला रडू आलं, आणि ते बघून गिरिजाही तिथंच बसून रडली. आजारभरात मी तिला रडताना प्रथमच पाहिलं.

घरी जाण्याची वेळ आली तेव्हा माझे पाय चालत होते, पण हात म्हाताऱ्याचे झाले होते. मूठ अर्धी वळायची. आता प्रश्न एकच होता, मला पुन्हा गाडी चालवता येईल का. इंजिनं विहिरींवर असतात आणि अवजारांची पेटी डोक्यावर घेऊन कोणी मिस्त्री रानोमाळ हिंडत नाही.

"न्हाई," गिरिजा म्हणाली.

"मंग खायचं काय?"

तिनं पदर खोचला. "लिव्हरच्या दांड्या मी बघनार," ती म्हणाली.

भिंगारला, दादानं गाडी टाकली होती तिथं, मिस्त्री करीमभाईंनी आमच्यापुढे लिव्हरांचा ढीग ओतला. गिरिजानं बोंडवाला एक उचलला. "हे कशापायी असतं?"

"पडल्यावर मानसाच्या अंगात घुसू न्हाई म्हनून," करीमभाई म्हणाले, आणि त्यांचंच बोलणं त्यांना लागलं. "वहिनी, लोक मागतात. म्हनून मीच कापून देतो."

"आता न्हाई द्यायचं," ती म्हणाली. ते मान खाली घालून नट चाळत बसले.

मग तिनं प्रत्येक लिव्हरचं टोक स्वतःच्या मांडीवर जोरानं दाबून पाहिलं. बोचला की बाजूला फेकायचा. जे उरले ते माझ्या हाताला लावून बघायचे. तेव्हा जे कळलं ते दुखऱ्या किंवा आखूड हाताच्या माणसांसाठी सांगतो. गाडीवर नेहमीसारखं बसा, मूठ धरा, बोटं सरळ सोडा. बोटाचं टोकाकडचं पेर लिव्हरवर टेकलं पाहिजे. टेकत नसेल तर आधी मुठीकडे बघा. माझ्या मुठीवर मी हादरे बसू नयेत म्हणून सायकलच्या ट्यूबची जाड गुंडाळी केली होती. करीमभाईंनी ती कापून काढली आणि लिव्हर आपोआप बोटांत आला. इतकंच करायचं होतं. भट्टी नको, करवत नको. मी त्या काळ्या रबराच्या पट्ट्यांकडे बघत राहिलो आणि मला स्वतःला थोबाडीत मारावंसं वाटलं.

पुढचं सोपं आहे. लिव्हर हँडलला धरणारी पकड सैल करून तो थोडा खाली फिरवा, म्हणजे मनगट न मोडता हात सरळ रेषेत राहतो. पकड हँडलवर जरा आत सरकवा, म्हणजे बोटं लिव्हरच्या टोकाजवळ पडतात आणि जोर कमी लागतो. क्लचच्या तारेत तेल सोडा. तारेला नाण्याच्या जाडीएवढी ढील ठेवा, जास्त नको. ब्रेकचा लिव्हरही तसाच बसवा, कारण घाबरलेला हात दोन्ही एकदम ओढतो. आणि बोंड राहू द्या. पुढे पेट्रोल पंपावर एका मुकादमाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, मिस्त्री भित्रा झाला. मी त्याच्या गाडीचा लिव्हर तिथंच पान्यानं काढून उसात फेकला. त्यानं मला मारलं, मीही मारलं. त्याला राग आला तो आला, पण नवा घेताना त्यानं बोंडवाला घेतला.

जायची वेळ

सगळं बसवून झाल्यावर मी क्लच ओढून पाहिला. दोन बोटांत आला. गिरिजा आजवर माझ्यामागे कधी बसली नव्हती, तिला गाडीची भीती वाटायची. त्या दिवशी तिनं लुगडं सावरलं आणि मागे बसली.

मी पाय किकवर ठेवला आणि थांबलो. इतके दिवस ज्या आवाजानं मला मोडून काढलं होतं, तो आता मीच काढणार होतो. करीमभाई लांब जाऊन उभे राहिले होते. मी किक मारली. नाही लागली. दुसरी मारली आणि इंजिन पेटलं.

पाठ ताठ झाली. मी वाट बघितली. काही झालं नाही. तो नुसता इंजिनाचा आवाज होता, थोडा कोरडा, टॅपेट जरा सैल.

आणि मागून दोन हात आले आणि त्यांनी माझे दोन्ही कान गच्च दाबून धरले.

"अगं, सोड," मी म्हणालो. "आता काय होत न्हाई."

तिची बोटं अजून खरबरीत होती, दगडानं फुटलेली. मी क्लच हळूहळू सोडला आणि गाडी रस्त्याला लागली. नगर मागे पडलं तरी तिनं हात काढले नाहीत.